हुकूम आणि हंगाम

(खोडाळा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे सारे आयुष्य या डोंगरी मुलखातील मुले वाढताना पाहण्यात गेले. त्यामुळे त्यांच्या स्मृतीस वाहावयाच्या व्याख्यानाचा विषय ‘वाढ’ हाच असावा, असे आपले निमंत्रण हाती पडताच माझ्या मनाने घेतले. मात्र वाढीची ही कथा ज्या प्राण्याच्या आधाराने मी सांगणार आहे, तो कित्येकांना क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. फणस फुटला, केळी काळी पडली किंवा मोहाची फुले आंबत पडली, की त्यांभोवती घोटाळणारी जी तांबूस डोळ्यांची चिलटे आपण हाताने हाकलून देतो, तीच आजची आपली नायिका होय. शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद ‘ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर’ या भारदस्त नावाने आहे. आंब्याच्या बागाईतदाराला हैराण करणारी फळमाशी ती निराळी. ती धडधाकट फळात अंडी घालते. आपले चिलट फळ आंबू लागल्यावर त्यावर वाढणाऱ्या किण्वावर गुजराण करते, कोणाचे फारसे नुकसान करीत नाही आणि पंचवीस अंश उष्णतेत अंड्यापासून पंखधारी माशीपर्यंतचा सारा प्रवास सुमारे दहा दिवसांत उरकते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला आणि त्याच्या वंशावळीवरून जनुके गुणसूत्रांवर वसतात या सिद्धान्ताला भक्कम पुरावा मिळाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे त्याच विभागात चिलटाच्या अभ्यासाची परंपरा रुजली. गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या आणि आफ्रिकेतून येथे आलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी या प्राण्याच्या रुचीचा आणि गंधज्ञानाचा जो अभ्यास मुंबईत केला, तो जगन्मान्य ठरला. पुण्यातही आज हे काम जोमाने चालते. त्याचा उल्लेख पुढे ओघाने येईल.

आजचा प्रश्न मांडावयास सोपा आहे. एका फलित अंड्यापासून हजारो पेशी होतात; त्यांतल्या काही डोळ्याच्या होतात, काही पंखाच्या, काही मेंदूच्या. येथे दोन व्यवहार एकाच वेळी चाललेले असतात. एक, पेशी दुभंगून तिच्या दोन होणे. दुसरा, कोणती पेशी कोण होणार हे ठरणे. पूर्वी या दोन व्यवहारांचा विचार दोन स्वतंत्र खात्यांप्रमाणे केला जात असे. गेल्या चाळीसएक वर्षांत चिलटाने आपल्याला शिकविले ते असे, की ही दोन खाती एकमेकांच्या संमतीवाचून एक पाऊलही टाकीत नाहीत.

प्रथम पेशीचक्राविषयी. पेशी एकदम दुभंगत नाही. पहिल्या टप्प्यात ती अन्न घेऊन वाढते. दुसऱ्यात आपल्या साऱ्या आनुवंशिक लेखाची नक्कल करते. तिसऱ्यात ती नक्कल पुरी आणि बिनचूक झाली की नाही याची खातरजमा होते. आणि चौथ्यात प्रत्यक्ष विभाजन घडते. पहिल्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना अशी दोन मोठी नाकी लागतात, आणि त्या नाक्यांवर ‘सायक्लिन’ नावाची प्रथिने व त्यांच्या जोडीने चालणारी विकरे यांच्या परवान्यावाचून कोणालाही पुढे सोडले जात नाही. किण्व आणि समुद्रातील प्राण्यांची अंडी यांवर काम करून ही यंत्रणा उलगडल्याबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चिलटातही तीच यंत्रणा आहे, आणि आपल्या शरीरातही तीच.

दुसरे खाते संकेतांचे. एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते किंवा आपल्या पृष्ठभागावर धरते. शेजारच्या पेशीवरील ‘ग्राही’ ते ओळखतो. आणि ती बातमी आत केंद्रकापर्यंत जाऊन काही जनुके जागी होतात, काही निजतात. नवल असे की साऱ्या प्राणिसृष्टीची देहघडण अशा मोजक्याच संकेतकुळांवर चालते. त्यांतील एकाचा पहिला धागा आपल्याच देशात हाती लागला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी १९७३ साली पंख नसलेल्या चिलटांचा एक वाण नोंदविला आणि त्यातील सदोष जनुकाला ‘विंगलेस’ असे नाव मिळाले. उंदराच्या स्तनाच्या कर्करोगात सापडलेले एक जनुक हे याच विंगलेसचे भावंड आहे, असे १९८७ साली सिद्ध झाले, आणि दिल्लीतील त्या बिनपंखी चिलटाची गणना कर्करोगाच्या मूळ इतिहासात होऊ लागली. पेशींना वाढीचा आदेश देणारा संकेत नको तेव्हा चालू राहिला, तर अवयवाऐवजी अर्बुद वाढते, हा त्यातील बोध होता.

आता या दोन खात्यांचा परस्परसंबंध. तालुक्याच्या कचेरीत वरून आलेला हुकूम प्रत्येक मेजावर सारखाच असतो. पण एका मेजावर त्याची तामिली त्याच दिवशी होते आणि दुसऱ्या मेजावर तो दप्तरात पडून राहतो, आणि हा फरक हुकुमाच्या मजकुरामुळे पडत नसून तो कोणाच्या हाती, कोणत्या वेळी, हातात कोणते काम चालू असताना पडला यामुळे पडतो. पेशींचेही तसेच आहे. संकेत हा हुकूम. पेशीचक्रातील टप्पा हा त्याचा हंगाम. हुकुमाने हंगाम ठरतो आणि हंगामाने हुकुमाचा अर्थ ठरतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. पुढील सारे विवेचन म्हणजे या एका विधानाचे दाखले होत.

पहिला दाखला अंड्यातील. चिलटाने अंडे घातल्यावर पहिले सुमारे दोन तास आत जे चालते ते पाहून अभ्यासकही थक्क होतात. तेथे भिंती नसलेल्या एकाच सामाईक द्रवात केंद्रके एकामागून एक तेरा वेळा दुभंगतात, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांना प्रत्येकी जेमतेम नऊएक मिनिटे लागतात. वाढीचा टप्पा नाही, तपासणीचा टप्पा नाही. नक्कल आणि विभाजन, नक्कल आणि विभाजन, एवढेच. ही घाई परवडते, कारण लागणारी सारी सामग्री मातेने अंड्यात आधीच भरून ठेवलेली असते. अशी सुमारे सहा हजार केंद्रके झाली की हा वेग एकाएकी थांबतो, केंद्रकांभोवती भिंती उभ्या राहतात आणि चौदाव्या चक्रात सर्व पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर खोळंबतात. मातेने दिलेल्या सामग्रीतील ‘स्ट्रिंग’ नावाचे विकर, ज्याच्यावाचून विभाजनाचे नाके उघडत नाही, ते एव्हाना नष्ट झालेले असते. आता प्रत्येक पेशीला ते आपल्या स्वतःच्या जनुकावरून घडवावे लागते.

ब्रूस एडगर आणि पॅट्रिक ओफॅरल यांनी १९८९ साली दाखवून दिले, की हे स्ट्रिंग साऱ्या गर्भात एकाच वेळी प्रकट होत नाही. जेथे ते प्रकट होते तेथील पेशी थोड्याच वेळात दुभंगतात. त्याच वर्षी व्हिक्टोरिया फो यांनी गर्भाचा जो नकाशा प्रसिद्ध केला त्यात पंचवीस स्वतंत्र परगणे दाखविले होते, आणि प्रत्येक परगण्यातील पेशी आपल्या ठरलेल्या मुहूर्तावर विभागत होत्या. हे परगणे कोणी आखले? डोके कोठे, पोट कोठे, पाठ कोठे हे ठरविणाऱ्या त्याच जनुकांनी, ज्यांच्या शोधाबद्दल क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ट आणि एरिक वीशाउस यांचा, एडवर्ड लुइस यांच्यासह, १९९५ साली नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. देहाचा आराखडा ठरविणाऱ्या खात्याने विभाजनाच्या खात्याला प्रत्येक मौज्याची वेळ नेमून दिली होती.

याच गर्भाच्या पोटाकडील बाजूस एक पट्टा आत वळतो आणि त्यापासून पुढे स्नायू होतात. तेथील पेशींना त्या घटकेला स्ट्रिंग उपलब्ध असते, तरीही त्या दुभंगत नाहीत. ‘ट्रिबल्स’ नावाचे एक प्रथिन तेथे स्ट्रिंगचा विध्वंस करून विभाजन रोखून धरते. ट्रिबल्स काढून टाकले, की त्या पेशी अवेळी दुभंगू लागतात आणि आत वळण्याचे काम बिघडते, हे २००० साली तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखविले. कारण उघड आहे: आकार बदलण्यासाठी पेशीला जो अंतर्गत सांगाडा लागतो तोच दुभंगण्यासाठीही लागतो, आणि एकाच सांगाड्यावर दोन कामे एका वेळी होऊ शकत नाहीत. वाढ म्हणजे केवळ संख्येची वृद्धी नव्हे. योग्य वेळी थांबणे हाही वाढीचाच भाग आहे.

दुसरा दाखला उलट दिशेचा आहे. चक्र संकेताची आज्ञा पाळते हे आपण पाहिले. आता आज्ञेचा मजकूर चक्र कसा कापून टाकते ते पाहू. ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ हे जनुक फार लांबलचक आहे. त्याची लांबी सुमारे ७७ हजार अक्षरांची. त्याची प्रत उतरविणारे विकर मिनिटाला सुमारे चौदाशे अक्षरे पुढे सरकते, म्हणजे एका प्रतीला जवळजवळ ५५ मिनिटे लागतात. विभाजन सुरू होताच अर्धवट उतरलेली प्रत तशीच टाकून दिली जाते. जेथे एक फेरी नऊ मिनिटांत संपते तेथे हे जनुक कितीही जागे केले तरी त्याची एकही पूर्ण प्रत निघणे शक्य नाही. अँटोनी शेरमोएन आणि ओफॅरल यांनी हे १९९१ साली प्रत्यक्ष दाखविले. पेशीचक्र मंदावल्याखेरीज काही आज्ञा लिहिल्याच जात नाहीत, हा त्याचा अर्थ.

आणि ही आज्ञा किरकोळ नव्हे. चिलटाच्या धडाच्या दुसऱ्या खंडाला पंखांची जोडी असते. तिसऱ्या खंडावर पंखांऐवजी दोन इवलेसे गाठीदार दांडे असतात, ज्यांच्या योगाने उडताना तोल सांभाळला जातो. अल्ट्राबायथोरॅक्सचे काम तिसऱ्या खंडाला पंख होऊ न देण्याचे आहे. लुइस यांनी हे जनुक त्या खंडात निकामी करून चार पंखांची माशी घडवून दाखविली होती. पंख आणि तोलदांडा यांच्या पेशींचे मूळ सारखेच असताना एक पसरट व विस्तृत का होतो आणि दुसरा लहानशा गाठीवर का थांबतो, या प्रश्नाचा पाठपुरावा एल. एस. शशिधर यांनी प्रथम हैदराबादेत आणि नंतर २००६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत चालविला. त्यांच्या गटाच्या कामातून जे चित्र पुढे आले ते असे, की अल्ट्राबायथोरॅक्स एकच दार बंद करीत नाही. विंगलेससारख्या पंख घडविणाऱ्या संकेतांना ते निरनिराळ्या पायऱ्यांवर आवर घालते, आणि तोलदांड्याची घडण होताना अवयवाचे आकारमान आवरणारा ‘हिप्पो’ मार्ग व पोषणाशी निगडित असा इन्शुलिनचा मार्ग, हे दोन्ही त्याच्या अमलाखाली असतात, हे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून दिसले. हिप्पो मार्ग निकामी झाला, तर पेशीचक्राचे पहिले नाके उघडणारे सायक्लिन आणि मरणाला अटकाव करणारी प्रथिने यांचा सुकाळ होतो आणि अवयव बेसुमार वाढतो. अवयव केवढा व्हावा याचा निवाडा अखेर पेशीचक्राच्या नाक्यावरच होतो.

पुण्याच्याच या संस्थेत रिचा रिखी यांचा गट आणखी एका संधिस्थळाचा अभ्यास करतो. चिलटाच्या अंडाशयात प्रत्येक अंडपेशीभोवती पेशींचे एक आवरण असते. त्या प्रथम दुभंगून संख्या वाढवितात; मग आतून ‘डेल्टा’ नावाचा संकेत येतो, आवरणाच्या पेशींवरील ‘नॉच’ ग्राही तो स्वीकारतो, आणि त्या क्षणापासून पेशी दुभंगणे सोडून देतात, मात्र आनुवंशिक लेखाची नक्कल करीत राहून आकाराने मोठ्या होतात. पेशीतील ऊर्जेची केंद्रे असलेल्या तंतुकणिका जर सुट्या न होता एकमेकींत गुंतून राहिल्या, तर पेशी दुभंगतच राहतात आणि नॉचच्या आज्ञेला दाद देत नाहीत, असे रिखी यांचा सहभाग असलेल्या २०१२ च्या एका संशोधनात आढळले. तंतुकणिका आणि वाढीचे संकेत यांच्या या नात्याचा शोध पुढे पुण्यात चालू राहिला. येथे हुकूम पोहोचला होता. मेज तयार नव्हते.

आता मी या मुलखाला सर्वांत जवळच्या दाखल्याकडे येतो. चिलटाची अळी अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या मेंदूतील बहुतेक मूलपेशी, ज्यांच्यापासून पुढे साऱ्या चेतापेशी व्हावयाच्या असतात, त्या निद्रिस्त असतात. त्या जागतात कशाने? अन्नाने, आणि तेही कोणत्याही अन्नाने नव्हे. नुसत्या साखरेवर ठेवलेली अळी काही दिवस जगते, पण तिच्या मेंदूतील मूलपेशी जागत नाहीत. त्यांना प्रथिनांतील अमिनो आम्ले लागतात, असे १९९८ साली ब्रिटन आणि एडगर या संशोधकांनी दाखविले. अमिनो आम्लांची खबर प्रथम अळीच्या मेदपिंडाला लागते. तेथून निघालेला संदेश मेंदूकडे जातो. मेंदूतील आधारपेशी इन्शुलिनसारखी प्रथिने सोडतात. आणि ती मिळाल्यावर मूलपेशी पेशीचक्रात पुन्हा प्रवेश करतात. ही साखळी २०१० आणि २०११ च्या सुमारास उलगडली. म्हणजे पोटात पडलेला घास मेंदूच्या पेशीपर्यंत जातो तो संकेताच्या रूपाने.

परंतु तो संकेत मिळाल्यावरही साऱ्या मूलपेशी एकदम जागत नाहीत. केंब्रिजमध्ये लिओ ओत्सुकी आणि अँड्रिया ब्रँड यांनी २०१८ साली असे दाखविले, की यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पेशी विभाजनाच्या ऐन नाक्यापाशी, म्हणजे नक्कल पुरी करून, निजलेल्या असतात आणि उरलेल्या त्याही आधीच्या अवस्थेत. नाक्यापाशी निजलेल्या लवकर उठतात, इतर मागून. आणि त्यांना नाक्यापाशी रोखून धरणारे प्रथिन कोणते? तेच ट्रिबल्स, ज्याने गर्भाच्या पोटाशी स्ट्रिंगला अडविले होते. येथे ते इन्शुलिनचा निरोप आत जाऊ देत नाही, आणि निरोपाचा जोर पुरेसा झाला की त्याला हटावे लागते. एकच संकेत, एकच मेंदू. पण पेशी चक्रात कोठे थांबली होती यावर तिच्या जागृतीची वेळ ठरते.

याला जोडून आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इन्शुलिनच्या मार्गातील ‘चिको’ हे जनुक निकामी झालेली माशी दिसावयास निर्दोष असते. पण तिचे वजन निम्म्याहून कमी भरते, कारण तिच्या पेशी संख्येनेही कमी असतात आणि आकारानेही लहान. आणि अळी चांगली वाढल्यानंतर, शेवटच्या काळात, तिला उपाशी ठेवले तर पंखाची वाढ खुंटते, परंतु मेंदूतील मूलपेशी निराळ्या संकेताच्या आश्रयाने आपले काम चालू ठेवतात, असे २०११ साली आढळले. उत्तरार्धातील उपासमारीपासून मेंदूचा बचाव करण्याची तजवीज निसर्गाने केली आहे. अगदी आरंभीच्या उपासमारीपासून तशी केलेली नाही. उपास तोच, प्राणी तोच. परिणाम मात्र हंगामावर अवलंबून.

चिलट म्हणजे बालक नव्हे, आणि अळीवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाच्या लेकराला लावणे हे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु इन्शुलिनचा मार्ग, अमिनो आम्लांची खबर घेणारी यंत्रणा आणि पेशीचक्राची नाकी ही सामग्री दोघांच्याही शरीरात एकाच घराण्याची आहे. आणि गरोदरपण व जन्मानंतरची पहिली दोन वर्षे हा काळ मुलाच्या वाढीत निर्णायक असतो, हे वैद्यकशास्त्र स्वतंत्र पुराव्यावरून सांगते. ज्या मुलखात आपण आज जमलो आहोत त्याला हे निराळे सांगावयास नको. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला मान खाली घालावयास लावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता; २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला; २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली आणि पुढे बालकांच्या ताटात अंडेही आले. योजनेचा हेतू योग्य आहे आणि पेशीच्या पातळीवर पाहिले तरी तो योग्यच ठरतो, कारण नुसत्या भाकरीने पोट भरते. अंडे, उडीद, मासळी यांतील प्रथिनांची खबर पेशीला निराळी लागते.

तरीही एक उणीव राहते, आणि ती हंगामाची आहे. भाताची आणि नागलीची कापणी उरकली, की येथील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात; गरोदर स्त्री जाते, अंगावर पिणारे मूल जाते, आणि अंगणवाडीच्या वहीत त्यांची नावे मागे राहतात. आहाराचा हुकूम कागदावर कायम असतो. ज्या महिन्यांत तो पोहोचावयास हवा, नेमक्या त्याच महिन्यांत तो पोहोचत नाही. वर्षाअखेरीस ताटांची एकूण बेरीज बरोबर आली म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या कारभाराला चिलटाच्या अळीचे उत्तर स्पष्ट आहे: उशिरा आलेले अन्न हे वेळेवर आलेल्या अन्नाची भरपाई करीलच असे नाही.

म्हणून येथे जमलेल्या अंगणवाडी सेविकांना, शिक्षकांना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. कुटुंब गाव सोडते त्या दिवशी माता आणि मूल यांच्या नोंदीचा कागद त्यांच्या हाती द्या, ते ज्या तालुक्यात जातील तेथील अंगणवाडीला तो दाखविताच त्याच आठवड्यात ताट मिळेल अशी व्यवस्था करा, आणि ती होईपर्यंत ग्रामसभेत हा विषय दर वेळी पटलावर ठेवा.